दिवेवाल्याचे पाय

शालिमारच्या मागे वह्यांच्या दुकानात
बारा कांड्यांची पेटी पंचेचाळीस रुपयांना मिळते.
वर हसरा हत्ती. तीन वर्षांवरील मुलांसाठी.
दुकानदार म्हणाला, मुलाला का?
मी म्हटलं, हो.
एकोणतीस वर्षांची आहे मी.
अंबडच्या कंपनीत व्हर्निअर धरून उभी असते,
पाच शतांश मिलिमीटर चुकलेल्या भागाला
लाल पट्टी लावते.

गेम निखतचा. पॅकिंगला असते ती.
डब्याच्या सुट्टीत भिंतीला टेकून
आम्ही दोघी एकाच मोबाइलवर, काचेला तडा,
खालच्या नगरात उतरतो.
लोक नायिका काढतात, तिची तलवार, उडते केस,
नाहीतर तो सात शिंगांचा.
मला तिसऱ्या दरवाजाजवळचा दिवेवाला हवा होता.
फळीमागे उभा असतो. एकच वाक्य बोलतो:
पुढे अंधार आहे. तेल पाहून जा.
दहा वेळा मेलात तर दहा वेळा तेवढंच,
त्याच आवाजात, न कंटाळता.

आत वायरीचा तुकडा,
त्यावर पोळ्या गुंडाळायची पन्नी चुरगळून.
हत्यारं म्हणजे केसांची पिन, रिफिल संपलेलं पेन,
दात पडलेला कंगवा. कंगव्याने दाढी छान उठते.
जांभळा पेटीत नव्हता.
लाल-निळं मळलं तर वांग्याच्या भरताचा रंग झाला.
तोच दिव्याला दिला.
त्या उजेडात मी स्वतः कुठे गेले नसते.

चेहरा दोन रात्रींत जमला.
मग पाट फिरवला,
तर मागे काहीच नाही.
कमरेवरचाच माणूस तो. पाठ कुणी पाहिलेली नाही,
पाय तर गेम बनवणाऱ्यांनीही केले नसतील.
निखत म्हणाली, फळी कर, पुढ्यात ठेव, झालं.
मातीही वाचली असती.

दुसरी पेटी आणली.
दुकानदार म्हणाला, पोरानं खाल्ली की काय?

पाथर्डी फाट्यावर कंपनीच्या बसची वाट बघताना
आठ दिवस मी लोकांच्या पाठी पाहिल्या.
रसवाल्याचा शर्ट खांद्याच्या पात्यांमध्ये ओला,
एका बाजूला जास्त.
शेवटची द्राक्षं विकणारा
सगळं वजन डाव्या पायावर टाकून,
उजवा चपलेतून काढून पोटरीवर घासत होता,
हात मात्र तराजूवर, गिऱ्हाइकाला पत्ता नाही.
मी खाली पाहिलं.
माझीही उजवी चप्पल सुटलेली.

मग त्याला पाय केले.
एक जमिनीवर. एक चपलेतून निम्मा बाहेर.

ही माती वाळत नाही, हीच तिची गंमत
आणि हीच खोड. एप्रिल, वर पत्रा,
रात्रीतून दिवेवाला वाकत वाकत
फळीवर कपाळ टेकून झोपला.
उचलून फ्रिजमध्ये ठेवला, कोथिंबिरीशेजारी.
सकाळी आईने दार उघडलं.
कोण गं हा?
दुकान आहे त्याचं, म्हटलं.
दिवसभर उभाच असतो.
आईने कोथिंबीर घेतली, दार लावलं,
पुन्हा उघडलं.
मग बसायला काहीतरी दे की त्याला.

सगळे रंग मळून उरलेला एक गोळा होता,
धड तपकिरी नाही, धड राखाडी नाही.
त्याचं स्टूल झालं. तीन पायांचं.
एक पाय दोन मिलिमीटर आखूड.
मोजला मी, सवयच आहे. डुगडुगतं.
लाल पट्टी नाही लावली.
ठेवलं त्याच्या मागे,
जिथवर गेमचा कॅमेरा फिरत नाही.

काल डब्याच्या सुट्टीत निखतचं तेल संपलं.
तिसऱ्या दरवाजाशी आम्ही पुन्हा त्याच्यासमोर.
पुढे अंधार आहे, तो म्हणाला.
तेल पाहून जा.
निखतने भाजीचा हात ओढणीला पुसला,
मोबाइल कानाशी नेला.
आवाजावरून, म्हणाली,
बसलाय वाटतं आज.